दाढेच्या इंजेक्शनमागचा माणूस

दंतविभागातून आमच्या मेडिसिनच्या ओपीडीत अधूनमधून केसपेपर येतात. दाढ काढायची आहे, बीपी जास्त लागतंय, तपासून फिटनेस द्यावा, एवढाच मजकूर त्यावर असतो. समोरचा माणूस गालावर हात धरून बसलेला असतो. बीपी खरोखरच वाढलेलं असतं. पण पंख्याखाली दहा-पंधरा मिनिटं बसवलं, पाणी दिलं, गावचं-घरचं विचारलं, की बऱ्याच जणांचं ते बऱ्यापैकी खाली येतं. मग हळूच खरं कारण बाहेर पडतं. दाढ जाणार याचं दुःख नसतं. भीती असते ती दाढ काढण्याआधी हिरडीत द्यायच्या सुईची.

अशा लोकांत लहान मुलं कमी आणि मोठी माणसंच जास्त असतात. रात्रभर ट्रक चालवणारे असतात, ओझी उचलणारे असतात, बाळंतपणाच्या कळा सोसलेल्या बायका असतात. एवढं सगळं सोसलेल्या आपल्याला एका सुईची भीती वाटते, याची त्यांना लाज वाटते आणि ते बोलत नाहीत. काही जण तर फिटनेसचा कागद खिशात घालून परस्पर घरी जातात. मग दाढेखाली लवंग धरायची, मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणायची, असं चालू राहतं. त्यातले थोडे जण काही आठवड्यांनी परत येतात तेव्हा गाल सुजलेला असतो, तोंड उघडत नसतं. दाढेच्या मुळाशी साचलेला पू जिभेखाली आणि तिथून मानेत उतरला, तर श्वास कोंडतो आणि जिवावर बेततं. ज्या दाढेचं काम अर्ध्या तासात झालं असतं, तिच्यासाठी अतिदक्षता विभागात खाट शोधावी लागते.

ज्या इंजेक्शनची इतकी धास्ती वाटते, ते आलं कुठून? त्यामागे एका फार मोठ्या सर्जनची कहाणी आहे. त्यांचं नाव विल्यम स्टुअर्ट हॉल्स्टेड. शस्त्रक्रियेच्या वेळी रबरी हातमोजे घालण्याची पद्धत रुजवणारे, आतड्यांच्या टाक्यांपासून हर्नियापर्यंत कित्येक शस्त्रक्रियांना आजचं वळण देणारे म्हणून वैद्यकाचा प्रत्येक विद्यार्थी त्यांना ओळखतो. दाढेच्या इंजेक्शनची सुरुवातही त्यांच्याच प्रयोगांतून झाली, आणि त्या प्रयोगांची त्यांना जबर किंमत मोजावी लागली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

हॉल्स्टेड यांचा जन्म २३ सप्टेंबर १८५२ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. घर सधन व्यापाऱ्याचं, कापडाच्या घाऊक धंद्यातलं. शिक्षणासाठी ते येल विद्यापीठात गेले, पण तिथे त्यांचं नाव झालं ते फुटबॉल संघाचे कर्णधार म्हणून. अभ्यासाची फारशी गोडी नव्हती. शेवटच्या वर्षी त्यांनी शरीररचनेचं आणि शरीरक्रियेचं एकेक पुस्तक विकत आणलं आणि तिथून त्यांचं चित्त वैद्यकाकडे वळलं. १८७७ मध्ये न्यूयॉर्कमधून ते डॉक्टर झाले. पुढची दोन वर्षं त्यांनी युरोपात काढली. व्हिएन्ना आणि जर्मनीतल्या रुग्णालयांत त्या काळी जगातली सर्वांत पुढारलेली शस्त्रक्रिया चालत असे. ते सगळं डोळ्यांत साठवून १८८० मध्ये ते न्यूयॉर्कला परतले.

त्यानंतरची चार-पाच वर्षं म्हणजे नुसती धावपळ होती. एकाच वेळी अनेक रुग्णालयांत ते शस्त्रक्रिया करत, संध्याकाळी घरी विद्यार्थ्यांचे वर्ग घेत. त्या काळी बरेच अमेरिकी सर्जन जंतूंची कल्पनाच मानत नसत. बेलव्ह्यू रुग्णालयातल्या अस्वच्छ खोलीत शस्त्रक्रिया करायला हॉल्स्टेड यांनी नकार दिला आणि पैसे जमवून आवारातच स्वच्छ लाकडी जमिनीचा एक मोठा तंबू उभारून घेतला. बहीण बाळंतपणानंतर रक्तस्रावानं मरणाच्या दारात होती, तेव्हा त्यांनी स्वतःच्या शिरेतून रक्त काढून तिच्या शिरेत भरलं. हे १८८१ मधलं. रक्तगटांचा शोध लागायला अजून वीस वर्षं होती. दैव बलवत्तर म्हणून बहीण वाचली. पुढच्या वर्षी आईच्या पित्ताशयात पू झाला, तेव्हा रात्री दोन वाजता स्वयंपाकघरातल्या टेबलावर शस्त्रक्रिया करून त्यांनी खडे काढले. आईही वाचली. धाडसी, झपाट्यानं हात चालवणारा, कशालाही न कचरणारा तरुण सर्जन, अशी त्यांची ख्याती होती.

पण या सगळ्या शस्त्रक्रियांत एक अडचण कायम होती. ईथर किंवा क्लोरोफॉर्म हुंगवून पेशंटला पूर्ण झोपवायचं, नाहीतर सोसायला लावायचं, एवढेच दोन पर्याय होते. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी झोपवणं ठीक होतं, पण एका दाढेसाठी एवढा धोका का पत्करायचा? काही दंतवैद्य नायट्रस ऑक्साइड हा वायू हुंगवत. इतर बहुतेक ठिकाणी पेशंटला खुर्चीत घट्ट धरून ठेवायचं आणि चिमट्यानं दाढ ओढायची, हीच रीत होती. दाढ काढण्याची जी पिढ्यानपिढ्या चालत आलेली दहशत आहे, ती त्या काळातली आहे आणि त्या काळी ती रास्तच होती.

१८८४ च्या सप्टेंबरमध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला नेत्रवैद्यांची परिषद भरली होती. व्हिएन्नातल्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरचा निबंध तिथे वाचला गेला. प्रवासाला पैसे नव्हते म्हणून कोलर स्वतः येऊ शकले नव्हते. दुसऱ्यानंच तो वाचला. कोकेनच्या द्रावणाचे काही थेंब डोळ्यात टाकले की डोळा बधिर होतो आणि पेशंट जागा असतानाच शस्त्रक्रिया करता येते, असं कोलर यांनी आधी बेडकावर आणि मग स्वतःच्या डोळ्यावर तपासून दाखवलं होतं. ही बातमी काही आठवड्यांत न्यूयॉर्कला पोहोचली.

हॉल्स्टेड आणि त्यांचे सहकारी रिचर्ड हॉल यांनी ती लगेच उचलली. डोळ्याचा पातळ पडदा थेंबांनी बधिर होतो, पण कातडीखाली किंवा हाडाजवळ थेंब पोहोचणार कसे? पोकळ सुईची पिचकारी तोपर्यंत तीस वर्षं वापरात होती. त्यांनी कोकेनचं द्रावण सुईनं आत सोडायला सुरुवात केली. त्यातून हॉल्स्टेड यांच्या लक्षात आलेली गोष्ट साधी होती, पण तिनं पुढची सगळी दिशा बदलली. जिथे कापायचं ती जागाच बधिर करायला हवी असं नाही. तिथली वेदना मेंदूकडे नेणारा मज्जातंतू वाटेत गाठला आणि औषध त्याच्या शेजारी सोडलं, तर त्याच्या पुढचा सगळा भाग बधिर होतो. घरातला एकेक दिवा बंद करत बसण्यापेक्षा मेन स्विच खाली करावा, तसंच हे.

खालच्या दाढांच्या बाबतीत तर ही युक्ती नेमकी लागू पडते. खालच्या जबड्याचं हाड कठीण आणि दाट असतं. हिरडीत सोडलेलं औषध त्यातून मुरत मुरत दाढेच्या मुळापर्यंत पुरेसं पोहोचत नाही. पण त्या बाजूच्या सगळ्या दातांना संवेदना देणारा मज्जातंतू जबड्याच्या मागच्या भागात, आतल्या बाजूनं, एका छोट्या छिद्रातून हाडात शिरतो. त्या छिद्राच्या तोंडाशी औषध पोहोचलं की अर्धा जबडा आणि अर्धा ओठ बधिर होतो. हॉल्स्टेड आणि हॉल यांनी ती जागा शोधली. हॉल यांनी ६ डिसेंबर १८८४ च्या न्यूयॉर्क मेडिकल जर्नलमध्ये या प्रयोगांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. कोलर यांचा निबंध वाचला गेल्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. आज दंतवैद्य खालच्या दाढेसाठी तोंडात खूप मागे सुई नेतात आणि पेशंटला वाटतं, दुखतंय पुढे आणि हे टोचतात कुठे? त्याचं उत्तर त्या डिसेंबरमधल्या लिखाणात आहे.

हे प्रयोग त्यांनी कुणावर केले? मुख्यतः स्वतःवर आणि एकमेकांवर. हॉल्स्टेड, हॉल, त्यांचे काही सहकारी आणि काही विद्यार्थी एकमेकांच्या हातात, पायात, चेहऱ्यावर सुया टोचून घेत, कुठे बधिरपणा आला, किती वेळ टिकला, हे टिपून ठेवत. त्यात फुशारकी नव्हती. पेशंटला देण्याआधी ते आपण घेऊन पाहावं, अशी त्या काळच्या चांगल्या डॉक्टरांची समजूत होती. पण कोकेनचं व्यसन लागतं, हे तेव्हा फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. उलट थकवा घालवणारं, हुरूप आणणारं गुणकारी औषध म्हणून त्याचा बोलबाला होता.

काही महिन्यांतच त्या मंडळींची घसरण सुरू झाली. हॉल्स्टेड शस्त्रक्रियेच्या वेळा चुकवू लागले, बैठकांना येईनासे झाले, रात्र-रात्र जागू लागले. १८८५ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी कोकेनवर एक लेख लिहिला. तो आजही वाचायला मिळतो. त्याचं पहिलंच वाक्य इतकं लांबत आणि भरकटत जातं, की लिहिणाऱ्याचं मन ठिकाणावर नाही हे परक्या वाचकालाही कळतं. रिचर्ड हॉल यांनाही व्यसन लागलं. ते न्यूयॉर्क सोडून कॅलिफोर्नियाला गेले. बरोबरच्या इतर काही जणांचीही आयुष्यं त्यात विस्कटली. न्यूयॉर्कमधला सर्वांत होतकरू सर्जन तेहतिसाव्या वर्षी संपल्यात जमा झाला.

त्यांना हात दिला तो विल्यम वेल्च या मित्रानं. वेल्च हे विकृतिशास्त्राचे प्राध्यापक होते. बाल्टिमोरमध्ये उभ्या राहत असलेल्या जॉन्स हॉपकिन्स या नव्या संस्थेची जुळवाजुळव ते करत होते. आधी हॉल्स्टेड यांना समुद्रप्रवासाला धाडून पाहिलं, पण त्याचा उपयोग झाला नाही. १८८६ मध्ये ते प्रॉव्हिडन्स शहरातल्या बटलर रुग्णालयात दाखल झाले आणि काही महिने तिथे राहिले. कोकेनचं व्यसन सोडवण्यासाठी तेव्हाचे डॉक्टर मॉर्फिन देत. त्यातून एक सुटलं तर दुसरं लागे. हॉल्स्टेड यांच्या बाबतीत तेच झालं.

बाहेर पडल्यावर वेल्च यांनी त्यांना बाल्टिमोरला आपल्या घरी ठेवून घेतलं आणि प्रयोगशाळेत काम दिलं. तिथे कुत्र्याच्या आतड्यांना टाके घालता घालता हॉल्स्टेड यांनी शोधून काढलं, की आतड्याच्या चार थरांपैकी टाका धरून ठेवण्याची ताकद नेमकी एका थरात असते. १८८७ मध्ये ते पुन्हा बटलरमध्ये भरती झाले, पुन्हा परतले. १८८९ मध्ये हॉपकिन्स रुग्णालय उघडलं तेव्हा शस्त्रक्रिया विभागाची सूत्रं त्यांच्याकडे आली आणि पुढे ते तिथले प्राध्यापक झाले. एका व्यसनी माणसावर एवढी जबाबदारी टाकायला वेल्च यांना किती धीर लागला असेल, याची आज कल्पना करावी लागते.

बाल्टिमोरला आलेले हॉल्स्टेड मात्र न्यूयॉर्कचे हॉल्स्टेड राहिले नव्हते. पूर्वीचा झपाटा गेला होता. आता ते अतिशय सावकाश शस्त्रक्रिया करत. बघणाऱ्याला कंटाळा येईल इतक्या सावकाश. प्रत्येक रक्तवाहिनी बांधायची, ऊतींना चिमटे घेऊन चेंगरायचं नाही, ताण देऊन शिवायचं नाही, बारीक रेशमी धागा वापरायचा. घाईत आणि जोरात केलेल्या हाताळणीनंच जखम चिघळते, असं त्यांचं मत होतं, आणि त्यांच्या पेशंटच्या जखमा खरोखर सुरेख भरून येत. लवकर हात उरकण्यात सर्जनची शान मानली जाण्याच्या त्या काळात त्यांनी हळुवारपणाला शस्त्रक्रियेचं शास्त्र करून दाखवलं. हार्वी कुशिंग, वॉल्टर डँडी यांच्यासारखे सर्जन त्यांच्या हाताखाली तयार झाले. आज आमचे निवासी डॉक्टर वर्षानुवर्षं वॉर्डात राहून, पायरी-पायरीनं जबाबदारी घेत शस्त्रक्रिया शिकतात, त्या पद्धतीची घडी तिथेच बसली.

हातमोज्यांची गोष्टही तिथलीच. शस्त्रक्रियागृहातल्या मुख्य परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांच्या हातांना जंतुनाशक रसायनानं भयंकर पुरळ येई. त्या काम सोडतील, या चिंतेनं हॉल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून त्यांच्या हाताच्या मापाचे पातळ मोजे करवून घेतले. पुढे सगळेच ते वापरू लागले आणि जखमांत पू होण्याचं प्रमाण घटल्याचं दिसून आलं. १८९० च्या जूनमध्ये हॉल्स्टेड आणि हॅम्प्टन यांचं लग्न झालं.

इतकं सगळं करणारा हा माणूस आयुष्यभर मॉर्फिन घेत होता, हे बाहेर कुणाला माहीत नव्हतं. सहकारी विल्यम ऑस्लर यांना ते कळलं होतं. रोज सुमारे २०० मिलिग्रॅम मॉर्फिन लागतं आणि ते घेऊन हॉल्स्टेड नीट काम करू शकतात, असं त्यांनी एका टिपणात नोंदवून ठेवलं. ते टिपण मोहोरबंद होतं. ते उघडलं गेलं १९६९ मध्ये. तोवर कोकेनचं प्रकरण लोकांना ठाऊक होतं, पण हॉल्स्टेड त्यातून पूर्ण सुटले, असाच समज होता.

या गुप्ततेनं त्यांना एकाकी केलं. ते माणसांपासून दूर राहत, उन्हाळाभर नॉर्थ कॅरोलिनातल्या आपल्या शेतावर जाऊन डेलियाची फुलं वाढवत बसत. न्यूयॉर्कच्या त्या वर्षाचा विषय ते काढत नसत. इतका, की त्यांच्याच विभागात हार्वी कुशिंग यांनी मज्जातंतू बधिर करून हर्नियाच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या, तेव्हा आपल्या सरांनी हे काम कितीतरी आधी केलेलं आहे, याचा त्यांना पत्ता नव्हता. दाढेच्या इंजेक्शनचं श्रेयही मग भलत्यांच्या नावावर जाऊ लागलं. जुनी कागदपत्रं तपासल्यावर अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं ते मान्य केलं आणि १९२२ मध्ये हॉल्स्टेड यांना सुवर्णपदक दिलं. अडतीस वर्षांपूर्वीच्या ज्या कामानं आयुष्य उद्ध्वस्त केलं होतं, त्याची ही पहिली जाहीर पावती होती. त्याच वर्षी ७ सप्टेंबरला, सत्तरी पूर्ण व्हायला दोन आठवडे असताना, ते गेले. पित्तनलिकेतल्या खड्यांची शस्त्रक्रिया झाली होती आणि ती त्यांच्याच विद्यार्थ्यांनी केली होती. चाळीस वर्षांपूर्वी आईची शस्त्रक्रिया त्यांनी ज्या दुखण्यासाठी केली, त्याच जातीच्या दुखण्यानं त्यांना नेलं.

त्यांचं इंजेक्शन मात्र सुधारत गेलं. कोकेनसारखं बधिर करणारं, पण व्यसन न लावणारं औषध हवं होतं. आल्फ्रेड आइनहॉर्न या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १९०४ मध्ये प्रोकेन तयार केलं. नोव्होकेन या नावानं ते जगभर गेलं. त्याआधी हाइन्रिख ब्राउन या सर्जननं औषधात थोडं अ‍ॅड्रेनलिन मिसळलं, म्हणजे तिथल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि औषध जागेवर जास्त वेळ राहतं, हे दाखवून दिलं होतं. १९४३ मध्ये स्वीडनच्या निल्स लॉफग्रेन यांनी लिग्नोकेन बनवलं. आज आपल्याकडे दाढ काढताना बहुतेक वेळा तेच देतात. त्याचं व्यसन लागत नाही, त्यानं गुंगी येत नाही आणि त्याची खरी अ‍ॅलर्जी फार क्वचित आढळते.

आता आपल्या भीतीकडे येऊ. सगळ्यात पहिली गोष्ट म्हणजे ती लपवू नका. खुर्चीत बसण्याआधीच डॉक्टरांना सांगा, की मला सुईची भीती वाटते, मागे एकदा चक्कर आली होती, किंवा लहानपणी फार दुखलं होतं. ते कळलं की डॉक्टर वेगळ्या पद्धतीनं वागतात. टोचायच्या जागी आधी बधिर करणारा मलम किंवा स्प्रे लावता येतो. एक-दोन मिनिटं थांबलं की वरचा थर बधिर होतो. खरं दुखतं ते बहुधा सुईच्या टोचण्यापेक्षा औषध जोरात आत गेल्यानं. सावकाश, मिनिटभर घेऊन औषध सोडलं तर दुखणं पुष्कळ कमी होतं. हॉल्स्टेड यांचा हळुवारपणा इथे तंतोतंत लागू आहे, आणि तसं सावकाश द्या म्हणून विनंती करण्यात पेशंटला संकोच वाटायचं काही कारण नाही.

दुसरं, खूण ठरवून घ्या. डावा हात वर केला की डॉक्टर थांबतील, एवढं ठरलं तरी मन बरंच शांत होतं, कारण आपल्या हातात काहीतरी असतं. सुई बघायची नसेल तर डोळे मिटा. श्वास रोखून धरू नका. नाकानं घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. सुई लांब दिसते, ती मज्जातंतू खोल असतो म्हणून. जाडीला ती बारीकच असते.

तिसरं, चक्कर येणाऱ्यांसाठी. भीतीनं काही जणांची नाडी अचानक मंदावते, बीपी उतरतं आणि मेंदूला रक्त कमी पडून ते कोसळतात. तो शरीराचा प्रतिक्षेप आहे, त्या माणसाचा भित्रेपणा नव्हे. अशांनी खुर्ची मागे रेलून, पाय वर घेऊन इंजेक्शन घ्यावं. आधी मांड्या, पोटऱ्या आणि मुठी दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायच्या, मग अर्धा मिनिट सैल सोडायच्या, असं पाच वेळा केलं तर बीपी टिकून राहायला मदत होते. उपाशी जाऊ नका. फक्त जागा बधिर करून दाढ काढायची असेल तर हलकं खाऊन जाणं चांगलं. मधुमेह असणाऱ्यांनी तर हे नक्कीच पाळावं.

इंजेक्शननंतर काही जणांना छातीत धडधडतं. ते बहुधा औषधातल्या अ‍ॅड्रेनलिनमुळे असतं आणि काही मिनिटांत थांबतं. तरी डॉक्टरांना सांगा. हृदयविकार, बीपी, गर्भारपण, चालू असलेली औषधं, आधीची अ‍ॅलर्जी यांची माहिती सुरुवातीलाच द्या. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनानं बंद करू नका. दंतवैद्य आणि ती गोळी देणारे डॉक्टर मिळून ते ठरवतील. पाच-दहा मिनिटांत ओठ जड झाला की औषध लागू पडलं. त्यानंतर दाढ हलवताना दाब जाणवतो, ओढल्यासारखं वाटतं, कुरकुर ऐकू येते, पण टोचणारी वेदना व्हायला नको. झालीच तर हात वर करा, आणखी औषध देता येतं. नंतर ओठ दोन-तीन तास, कधी जास्तही, बधिर राहतो. तोवर गरम चहा नको आणि ओठ चावला जाणार नाही याची काळजी घ्या.

आणि लांबणीवर टाकू नका. पू झालेल्या जागी ऊती आम्लयुक्त होतात आणि तिथे बधिर करणारं औषध नीट काम करत नाही. म्हणजे सुईच्या भीतीनं जो जितका थांबतो, त्याचं इंजेक्शन अपुरं पडण्याची आणि खरोखर दुखण्याची शक्यता तितकी वाढते. मग त्याची भीती खरी ठरते आणि पुढच्या वेळी ती दुप्पट होते.

मोठ्यांच्या या भीतीचं मूळ पुष्कळदा लहानपणात असतं. जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील, असं आपण मुलांना सहज म्हणून जातो. ते बोलणं आधी बंद करायला हवं. मुलाला खोटं सांगू नये, की काहीच होणार नाही. मुंगी चावल्यासारखं क्षणभर टोचेल आणि मग जागा झोपी जाईल, एवढं खरं सांगितलं तर मूल विश्वास ठेवतं.

हॉल्स्टेड यांनी आपलं दुखणं आयुष्यभर लपवून ठेवलं. त्या काळी ते बोलून दाखवायची सोय नव्हती. तुमच्या भीतीची तशी स्थिती नाही. ती सांगण्यासाठी डॉक्टरसमोर एक वाक्य पुरतं. दाढ ठणकत असेल तर आज-उद्याकडे केसपेपर काढा, आणि आत गेल्यावर पहिल्यांदा तेच वाक्य बोला.